म्हणजे तुझं म्हणणं असं

मोहाची फुलं गळायला लागली की आमच्या सिल्वासात परीक्षा येतात. डोकमर्डीतल्या आमच्या इमारतीमागे एकच मोह उरलाय, बाकीचे पार्किंगनं खाल्ले. पहाटे त्याच्याखाली गोड, जरासा झिंगलेला वास असतो. दहा वाजेपर्यंत त्यात टेंपोंची धूळ मिसळते, मग सूत रंगवणाऱ्या कारखान्यांची वाफ. ह्या मिश्रणाला माझं नाक ‘हॉल तिकीट’ म्हणतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तो वास आला की परीक्षेची धास्ती वाटते. मुलांना वाटते ती नापास होण्याची. मला वाटते ती वेगळी.

काल रेवाचा, माझ्या नातीचा, शेवटचा पेपर झाला. घरात शिरली, दप्तर सोफ्यावर भिरकावलं आणि पंख्याखाली गार फरशीवर आडवी झाली.

“आजी, बधुं पती गयुं! हवे हुं नवरी!”

घाबरू नका, लग्नबिग्न काही नाही. ह्या पोरीचा आनंद गुजरातीत असतो, राग हिंदीत आणि भूक तेवढी मराठीत. गुजरातीत बधुं म्हणजे सगळं, पती गयुं म्हणजे संपलं, आणि नवरी म्हणजे रिकामी, मोकळी. सगळं संपलं, आता मी मोकळी, एवढंच ती म्हणाली. आता मला हे बरोबर कळतं. एके काळी कळत नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच मी कॉलेजात संज्ञापन शिकवत होते.

संज्ञापन हा शब्दसुद्धा तेव्हा वर्गात कुणाला कळायचा नाही. मुलं मला ‘कम्युनिकेशनवाल्या मॅडम’ म्हणत. मी मात्र रजिस्टरवर ठसठशीत ‘संज्ञापन’ लिहायची. त्या मॅडमना तुम्ही बघायला हवं होतं. पंचेचाळिशी ओलांडलेली, कडक इस्त्रीची साडी, चष्म्याला साखळी आणि गळ्यात शिट्टी. हो, शिट्टी. गटचर्चेत कुणी दोन मिनिटांच्या वर बोललं की त्या फुंकायच्या. मुंबईला एका उजळणी वर्गाला जाऊन आल्या होत्या बाई, आणि येताना अशा फुगून आल्या होत्या की बसमध्ये शेजारच्या सीटवर कुणाला बसता आलं नसेल. वर्ग ‘सर्वसमावेशक’ करायचा, हे तिथे शिकल्या. शब्द एवढा लांब, की त्या तो पूर्ण उच्चारेपर्यंत मागच्या बाकावरची दोन मुलं बाहेर सटकलेली असायची.

कॉलेज नवीन होतं. पत्र्याच्या छपराखाली वर्ग, दुपारी पत्रा तापला की खडूसुद्धा घाम फुटल्यासारखा गिळगिळीत लागायचा. पण वर्गात जी माणसं होती, तशी मी आयुष्यात कधी एका खोलीत पाहिली नव्हती. धुळे-नंदुरबारकडून आलेल्या कामगारांची मुलं, वापीच्या दुकानदारांच्या मुली, बिहारचे दोघे, आणि पाड्यांवरची मुलं. ह्या शेवटच्यांची घरी वारली बोली, शाळा गुजरातीत, कॉलेज इंग्रजीत, आणि माझ्यासाठी म्हणून मोडकंतोडकं मराठी. मॅडमनी भिंतीवर तक्ता लावला: ‘इथे सगळ्या भाषा चालतात.’ तक्ता मराठीत होता.

मॅडमना स्वतःला किती भाषा चालत होत्या, ते विचारू नका. नवऱ्याच्या सरकारी बदलीबरोबर येऊन चारच वर्षं झालेली. राहायला सरकारी वसाहत, म्हणजे रत्नागिरीचाच एक तुकडा उचलून इथे ठेवलेला. गुजराती यायचं ते भाजीपुरतं. खेरडीहून वांगी घेऊन येणाऱ्या बाईला “केटला?” विचारायचं आणि तिनं काहीही सांगितलं तरी “ओछुं करो”, कमी करा, म्हणायचं. तेवढ्यावर मॅडम सहकाऱ्यांना सांगायच्या, “गुजराती काय हो, आपल्यासारखंच आहे.”

तेच तर दुखणं. आपल्यासारखंच आहे.

पण एक गोष्ट त्यांनी चांगली केली होती, ती नाकारायची नाही. पाच-पाच जणांचे गट केले होते, आणि प्रत्येक गटाला एक नियम. बोलायची पाळी आली की आधी मागच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. “म्हणजे तुझं म्हणणं असं, की…” अशी सुरुवात करायची. मागच्यानं मान डोलवली तरच आपलं बोलायचं. मध्ये तोडायचं नाही. आणि दुसऱ्याच्या घरची रीत कितीही विचित्र वाटली तरी हसायचं नाही, तोंडावर टोकायचं नाही. सोमवारची दुपार भरून वर्गात हेच चालायचं. “म्हणजे तुझं म्हणणं असं,” “मतलब तेरा कहना ये,” “एटले तारुं कहेवुं एम.” पत्र्यावर चिमण्या खाली उतरल्यासारखा आवाज व्हायचा.

ह्या खेळात पहिली फुलली ती रमीला.

रमीला दुधनीची. तिचं घर मधुबन धरणाच्या पाण्याजवळ, बाप होडी घेऊन मासे धरायचा, आई चार गुंठ्यांत नागली आणि भाजी काढायची. रोज दीड तास बसनं यायची आणि बसमधून उतरल्यावर आधी चप्पल झटकायची. पहिलं वर्षभर तिचा आवाजच कुणी ऐकला नव्हता. पण परत सांगायचा नियम आला आणि कळलं, की ही पोरगी वर्षभर गप्प बसून सगळं साठवत होती. कुणाचंही बोलणं ती तीन भाषांत परत सांगायची, आणि सांगताना त्यात ज्याचं बोलणं त्याचा रुसवासुद्धा यायचा. बिहारचा एकजण म्हणाला होता, “मैडम, हमारी बात तो इसके मुँह से ही अच्छी लगती है.”

एकदा मी विचारलं, “रमीला, पुढे काय करायचंय?”

“मॅडम, वापी टेसनवर पेली बाई बोलते ना? गाडी केटला नंबरवर येणार ते? मला तसं बोलायचंय.”

“ती बाई टेपवर असते गं.”

“पण त्या टेपमध्ये कोणी तरी बोललीच असेल ना.”

मॅडमची शिट्टी हातात तशीच राहिली.

त्या वर्षी सुरतेच्या एका संस्थेत निवेदनाचा वर्षभराचा अभ्यासक्रम निघाला होता, राहणं-जेवण फुकट. आमच्या कॉलेजातून एकच नाव पाठवायचं होतं, आणि ते कुणाचं हे मार्चमधल्या गटाच्या सादरीकरणावरून ठरायचं होतं. ठरायचं म्हणजे काय, ठरलेलंच होतं. रमीलाच्या गटानं एका कारखान्याच्या फाटकावरचा सूचना-फलक विषयाला घेतला होता. यंत्राजवळ सैल कपडे घालू नयेत, असं इंग्रजी-हिंदीत लिहिलेलं, खाली साडीवर फुली मारलेलं चित्र. रमीला चार दुपारी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बायकांमध्ये जाऊन बसली आणि एकेकीकडून त्या चित्राचा अर्थ परत सांगून घेतला. एक म्हणाली, साडीवालीला कामावर घेत नाहीत. दुसरी म्हणाली, इथे साडी वाळत घालायची नाही. तिसरी तर ते चित्र बघून पहिल्या दिवशी घरीच परत गेली होती. वर्गात हे सांगताना रमीलानं तीनही बायका उभ्या केल्या. आम्ही हसलो आणि मग हसणं आपोआप थांबलं. सादरीकरण तीच करणार होती, ह्यात गटातल्या कुणालाही शंका नव्हती. मनीषालासुद्धा. मनीषा म्हणजे गटातली दुसरी हुशार मुलगी. खानदेशातली, बाप सुताच्या कारखान्यात, घर इथेच डोकमर्डीत.

आणि सादरीकरणाला आठ दिवस असताना रमीला यायची बंद झाली. एक आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. मॅडमनी सादरीकरण पुढे ढकललं, चरफडल्या, फळ्यावर ‘जबाबदारी’ असा शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्या. दुधनीला जाऊन यावं असं काही त्यांना सुचलं नाही. बस होती. रोज होती. त्याच बसनं ती मुलगी रोज येत होती.

मग एका मंगळवारी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यातला पंखासुद्धा मला ओळखतो. दुपारचे बारा. खिडकीतून मोहाचा वास. डोक्यावरून ओढणी घेतलेली, नजर खाली, आणि हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे. ओठांत काहीतरी धरून ठेवल्यासारखं. पंखा खडखडत होता, बाहेर टेंपो मागे घेत होते. ती म्हणाली,

“मॅडम, रविवारे बधुं पती गयुं. हवे हुं नवरी. तमे कहो ते काम करीश.”

सगळं रविवारी आटोपलं, आता मी मोकळी आहे, तुम्ही सांगाल ते काम करीन. इतकं साधं बोलणं. मॅडमच्या कानात शिरलं ते असं: रविवारी. वधू. पती. नवरी. पुढचं टेंपोनं खाल्लं. मॅडमनी पिवळे हात पाहिले, खाली गेलेली नजर पाहिली, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांना नेहमीच सगळं कळायचं.

“अगं, इतक्यात?”

“हा मॅडम. अचानक थयुं.”

“मला आधी सांगायचंस तरी!”

“टाइम नाय मळला.”

“बरं. होणार ते कधी ना कधी होणारच होतं. आई तरी सुटली म्हणायची.”

तिचे डोळे भरले. मॅडमना वाटलं, माहेर सुटल्याचे.

“हा मॅडम. बहु पीडाती होती.”

“असतोच गं जिवाला घोर. आता घर तुलाच बघायचं.”

“हा.”

“स्वयंपाकपाणी येतं ना नीट?”

“येते. आता मीच करते.”

“पण शिक्षण सोडायचं नाही. कुणी काही म्हणो.”

“नाय सोडणार, मॅडम.”

“शहाणी माझी ती!” आणि टेबलावर कुणाच्या तरी बारशाचे पेढे उघडे होते, त्यातला एक मॅडमनी उचलून तिच्या पिवळ्या हातावर ठेवला. “घे. तोंड गोड कर.”

तिनं पेढ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग खाल्ला. हळू खाल्ला, औषधासारखा.

मग मॅडमनी आपल्या मनाचा मोठेपणा दाखवला. म्हणाल्या, आता तुझ्यावर जबाबदाऱ्या आहेत, सादरीकरणाचा ताण नको, ते मनीषा करील, तू फक्त गटात बस. सुरतेचं नाव त्यांनी काढलंही नाही. नवी नवरी वर्षभर सुरतेला कशी जाणार? तो प्रश्न त्यांनी मनातल्या मनात विचारला आणि मनातल्या मनात उत्तर दिलं. वर पुढल्या उजळणी वर्गात सांगायला एक उदाहरण मिळालं, ह्याची नोंदही केली असेल. अशा मुलींना शेवटच्या वर्षाला उजवून टाकतात, कसं व्हायचं ह्या समाजाचं, वगैरे.

“हा मॅडम,” रमीला म्हणाली. पण गेली नाही. दारात घुटमळली. आता मला वाटतं, ती एका वाक्याची वाट बघत होती. म्हणजे तुझं म्हणणं असं, की. वर्षभर दर सोमवारी मीच घोटून घेतलेलं वाक्य. तेवढं म्हटलं असतं, तर तिनं मान हलवली असती, आडवी. मॅडमनी वह्या पुढे ओढल्या आणि म्हटलं, “ये आता.”

तासाला मी गटातल्या बाकीच्यांनाही पेढे वाटले. चौघांनी घेतले. कुणी काही बोललं नाही. किती समजूतदार मुलं, असं मला वाटलं.

सादरीकरण मनीषानं केलं, चांगलं केलं. त्या तीन बायका मात्र उभ्या राहिल्या नाहीत, नुसत्या सांगितल्या गेल्या. रमीला कडेला बसून तक्ता धरत होती. तो सरळ राहावा म्हणून दोन्ही हात वर, आणि तोंड तक्त्यामागे. सुरतेला मनीषाचं नाव गेलं. पेपर झाले, मोहाची फुलं संपून पानांचे तांबूस कोंभ आले, आणि ते वर्ष पांगलं.

पुढच्या उन्हाळ्यात मनीषा सुरतेहून परत आली, पेढेच घेऊन. बोलता बोलता म्हणाली,

“मॅडम, एक इचारू? तुम्ही रमीलाले का हो काढलं होतं?”

“काढलं काय गं? तिचं लग्न झालं होतं ना.”

मनीषानं पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवला.

“लगन? तिची माय वारली होती, मॅडम. रविवारी दिवस घातला ना तिचा. गावजेवण हिनंच रांधलं, हात पिवळे होते पहा तिचे.”

माझ्या हातात तिनं दिलेला पेढा होता. तो मी कुठे ठेवला, आठवत नाही.

“मग तुम्ही कुणी मला सांगितलं का नाही? मी पेढे वाटले, तेव्हा तरी?”

“आम्हाले वाटलं तुमच्या कोकणात तशी रीत असंल. आमच्यात बी तेराव्याले गोड करतातच की. तुमच्यात पेढा असंल म्हटलं.” मग अपराध्यासारखी, “तुम्हीच शिकवलं व्हतं ना, मॅडम. दुसऱ्याच्या रीतीले हसायचं नाही. टोकायचं नाही.”

शिकवलं होतं. चांगलं शिकवलं होतं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत एवढा मन लावून गिरवलेला धडा दुसरा नसेल. एक पोरकी पोर आणि तिचे चार मित्र माझ्या रीतीचा मान राखत पेढे चघळत बसले होते. वर्ग सर्वसमावेशक झाला होता. त्यात समावेश नव्हता तो फक्त बाईंचा.

“रमीला काय म्हणाली तेव्हा?” मी विचारलं.

“काही नाही. म्हणे, मी पंधरा दिवस आली नाही म्हनून मॅडम नाराज असतील. आणि म्हणे, पण मॅडमनी दुखवटा केला माझा.”

त्या दिवशी मी घरी येऊन साडीच्या निऱ्यांवर पाणी सांडून घेतलं, ह्यांच्यावर ओरडले, आणि रात्रीचा भात करपवला. दुसऱ्या दिवशी दुधनीला जायचं ठरवलं. ऊन फार होतं. मग पाऊस लागला. मग वाटलं, आता सुरतेचं वर्ष तर गेलंच, जाऊन काय सांगायचं? की तुझ्या आईच्या मरणावर मी तुला शुभेच्छा दिल्या? तिच्याजवळ निदान दुखवटा आहे, तोही काढून घ्यायचा? असा विचार केला की माझा भित्रेपणा करुणेसारखा दिसायचा. फार छान दिसायचा. साखळीच्या चष्म्यातून तर फारच.

संज्ञापनाच्या पुस्तकात अडथळ्यांचं एक प्रकरण असतं. गोंगाटाचा अडथळा, शब्दार्थाचा अडथळा, पूर्वग्रहाचा अडथळा. त्यानंतरही मी ते वीस वेळा तरी शिकवलं असेल. प्रत्येक अडथळ्याला उदाहरण द्यायची, आणि प्रत्येक वेळी उदाहरण पुस्तकातलंच द्यायची. माझ्याकडे तिन्ही अडथळे एका वाक्यात बसवणारं उदाहरण होतं, हळदीच्या हातांसकट. ते मी एकदाही दिलं नाही. मुलांनी हसू नये म्हणून नाही. मुलं हसली नसती, गप्प झाली असती.

सहा वर्षांपूर्वी हे गेले. तेही ह्याच दिवसांत, मोहाच्या. पाचवा दिवस होता. घरात चिपळूणहून आलेल्या माझ्या नणंदबाई, सुधावन्सं, दोन चुलत दीर, शेजारच्या बायका. सतरंजीवर सगळे गप्प बसलेले. दार वाजलं. बाहेर एक चाळिशीकडे झुकलेली बाई, डोक्यावरून पदर, पायरीवर आधी चप्पल झटकली. झटकण्यावरून ओळखलं मी.

रमीला आत आली, माझ्यासमोर बसली, आणि पिशवीतून मिठाईवाल्याचा खोका काढून तिनं झाकण उघडलं. पेढे.

सुधावन्संनी तोंडावर पदर घेतला. “अगं बाई! ही कोण? सुतकात पेढे घेऊन आलीय? लाजबीज काही?”

रमीलानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गोंधळली. हलकेच म्हणाली, “तुमच्यात असंच असते ना, मॅडम? मला खबर आहे.”

एक पेढा तिनं माझ्या हातावर ठेवला. आणि म्हणाली, “तोंड गोड करा.”

मी खाल्ला. सतरंजीवरच्या सगळ्यांसमोर, सावकाश. घशाखाली जात नव्हता. तेव्हा कळलं, की ती का एवढा वेळ खात होती.

“वन्सं,” मी म्हणाले, “आमच्या कॉलेजात पद्धत होती तशी.”

“कसली मेली पद्धत!”

“होती,” मी म्हणाले. “तुम्हीही घ्या एक.”

नाही घेतला त्यांनी. त्यांना रीतीला हसू नये हे कुणी शिकवलं नव्हतं, देवानं त्यांचं भलं करो.

मी तिला निरोप द्यायला जिन्यापर्यंत गेले. तिनं सांगितलं, अंगणवाडीत मदतनीस आहे. आईमागे दोघा धाकट्या भावांचं केलं, बापाचं केलं. “परणली नाही मी,” म्हणजे लग्न नाही केलं, असं म्हणाली, हसून. “टाइम नाय मळला.” मी तिला भर दुपारी नवरी केली होती, आणि तिला नवरी व्हायला वेळ मिळाला नव्हता, ना मराठीतली, ना गुजरातीतली. आवाज अजून तसाच होता. खालच्या मजल्यावरची दोन मुलं खेळायची थांबून ऐकायला लागली होती.

एक पायरी उतरून ती थांबली.

“मॅडम, एक विचारू? तवा माझी काय भूल झाली होती?”

“कसली गं?”

“बोलायच्या कामातून मला काढलं ते.”

इतकी वर्षं. इतकी वर्षं तिनं तो प्रश्न नीट घडी घालून ठेवला होता, आणि तोही माझ्या दुःखाच्या दिवशी, माझा दुखवटा आधी करून, मग विचारला.

“तुझी काही चूक नव्हती,” मी म्हणाले.

 मग तिनं सवयीनं, मीच लावलेल्या सवयीनं, म्हटलं, “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की माझी भूल नव्हती.”

मी मान डोलवली.

ती थांबली. नियमाप्रमाणे आता माझी पाळी होती. तिची चूक नव्हती, तर कुणाची होती, हे सांगायची. कठड्यावर माझा हात होता. खालून टेंपो मागे घेतल्याचा आवाज येत होता, पण ह्या वेळी त्यानं काही खाल्लं नाही, कारण मी बोललेच नाही. मी म्हणाले, “चहा तरी घेऊन जा.”

“नको मॅडम. साडेचारची बस आहे.”

ती गेली. मी दुःखात होते, असं मी स्वतःला सांगते. होतेच. पण त्या आधीच्या सगळ्या वर्षांत नव्हते, आणि नंतरच्या सहा वर्षांत रोज सकाळी नसते. रोज सकाळी मी गच्चीत तुळशीला पाणी घालते, पेपरातलं कोडं सोडवते, फेसबुकवर जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देते. मी पूर्ण नवरी आहे, गुजरातीतली.

आणि आता हे लिहिलं, तेही मराठीत. जिला सांगायचं ती गुजराती शाळेत शिकलेली. तुम्हा सगळ्यांना कळलं, तिला तेवढं कळणार नाही. बघा, म्हातारी झाले तरी त्या शिट्टीवाल्या बाईंची चलाखी काही गेलेली नाही.

आज सकाळी रेवानं हे कागद टेबलावरून उचलले. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचते. मी शेंगा निवडत बसले, न बघितल्यासारखं करत. मध्ये एकदा ती “ओह शिट, आजी” म्हणाली, ते शिट्टीबद्दल नसावं. वाचून झाल्यावर कागद सरळ करून तिनं टेबलावर ठेवले.

“तिचा नंबर आहे तुझ्याकडे?”

“आहे.”

“आणि तू तिला अजून काहीच सांगितलेलं नाहीस?”

“नाही.”

“मी पण मोकळी, तू पण मोकळी. दुधनीची बस साडेदहाला आहे. चल, मी येते बरोबर.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. मोहाखाली वॉचमन फुलं झाडून ढीग करत होता. दहालाच रस्ता उन्हानं पांढरा पडला होता.

“ऊन फार आहे गं,” मी म्हणाले.

 रेवा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अगदी सोमवारच्या तासाला बसावं तशी.

“म्हणजे तुझं म्हणणं असं,” ती म्हणाली, “की ऊन फार आहे.”